वाकायला काय लागतं?

वाळूत पडलेला काचेचा तुकडा उचलायला काय लागतं, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते एका शब्दात देता येतं : कंबर. फारच खोलात शिरायचं तर दोन शब्दांत : कंबर आणि डोळे. या दोन्ही वस्तू माणसाला जन्मतःच घरपोच मिळतात. त्यांच्यावर जीएसटी नाही, त्यांना बॅटरी लागत नाही, आणि चाळिशीनंतर दोन्ही थोड्या कुरकुरायला लागतात एवढं सोडलं तर त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. असं असताना या एवढ्याशा कामासाठी चौदा वस्तूंची यादी करणारे लोक या जगात आहेत, ती यादी वाचून त्या वस्तू मागवणारे लोक आहेत, आणि त्यांपैकी एक माझा सख्खा भाचा आहे, हे मला आज अत्यंत खेदपूर्वक जाहीर करायचं आहे.

आता कुणी म्हणेल, समुद्राच्या काठावर काय पडलंय आणि ते कसं उचलायचं याची उठाठेव गोरेगावच्या माणसाला कशाला? यावर मुंबईकर वाचकांनी मनातल्या मनात 'का बरं? गोरेगावहून जुहू तर जवळच!' असं म्हटलं असेल. ते गोरेगाव नव्हे. आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. आमच्याकडे फिल्मसिटी नाही, लोकल नाही आणि समुद्र तर मुळीच नाही. तो पाचशे किलोमीटरच्या पलीकडे असतो असं आम्ही भूगोलात वाचलेलं आहे. पण नेमकी हीच माझी पात्रता. ज्याचा समुद्राशी कसलाही हितसंबंध नाही असाच माणूस याबाबतीत निःपक्षपाती राहू शकतो. बँकेत नाही का, एका शाखेची तपासणी करायला दुसऱ्या शाखेचा साहेब पाठवतात?

मूळ प्रकरण क्षुल्लक आहे. दोन वर्षांपूर्वी एलटीसी घेऊन आम्ही सहकुटुंब अलिबागला गेलो होतो. ओहोटी लागली होती आणि माणसं पायी कुलाबा किल्ल्याकडे निघाली होती. आमची कन्या मात्र मान खाली घालून चालत होती. (लग्नाच्या वेळी मुलीनं मान खाली घालून चालावं अशी आमच्या सौ.ची फार इच्छा आहे; तो योग अलिबागलाच येऊन गेला.) तिला वाळूत एक हिरवा तुकडा सापडला. पेपरमिंटच्या गोळीसारखा गोल, कडा नाहीत, चमक नाही, वरून पिठीसाखर भुरभुरल्यासारखा दुधट. ती तो तोंडात टाकणार एवढ्यात सौ.नी तो हिसकावला आणि परत येताना आपल्याच पर्समध्ये घातला. तेव्हापासून तो आमच्या टीव्हीशेजारी एका वाटीत असतो.

दिवाळीत पुण्याचा भाचा आला, त्याने तो तुकडा उजेडात धरला आणि घरात पोखराज निघाल्यासारखा ओरडला, "मामा! सी-ग्लास आहे हा! परदेशात लोक याच्यासाठी सुट्टी काढतात!"

मी म्हटलं, "आमच्याकडे सुट्टी काढायला एवढंसुद्धा कारण लागत नाही."

पण मग त्याने सांगितलेली माहिती मला आवडली, हे मान्य करायला हवं. त्याला मराठीत शब्द नाही, म्हणून मी आपला 'समुद्रकाच' म्हणतो. ज्यांना संस्कृत हवं त्यांनी 'सागरकाच' म्हणावं. प्रकार असा : कुणीतरी बाटली समुद्रात टाकतो. ती फुटते. तिचे तुकडे वाळूत आणि गोट्यांत लाटांबरोबर रोज घासले जातात. काच म्हणजे मूळ वाळू, सोडा आणि चुना. त्यातला सोडा खारं पाणी हळूहळू काढून घेतं, त्यामुळे पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात आणि तो दुधट दिसायला लागतो. याला दहा-वीस नव्हे, कधीकधी तीस-चाळीस वर्षं लागतात. आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाटली ही समुद्रात ठेवलेली मुदत ठेव आहे. पूर्ण मुदत होऊ दिली तर दागिना हाती येतो. मुदतीआधी मोडली तर हात कापतो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सीहॅम नावाचं एक गाव आहे. तिथे १८५३ साली बाटल्यांचा कारखाना निघाला आणि १९२१ साली बंद पडला. मधल्या काळात रोज संध्याकाळी भट्टीत उरलेली रंगीबेरंगी काच तिथले लोक सरळ समुद्रात ढकलून देत. आज त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या वयाची माणसं ती काच वेचायला गुडघे टेकून बसतात, आणि एका तुकड्यात दोन-तीन रंग दिसले की सत्यनारायण पावल्यासारखा चेहरा करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग गावाने तर १९६७ सालापर्यंत सगळा कचराच समुद्रकाठी ओतला. पुढे त्या कचऱ्याची अशी काही सुंदर काच झाली की सरकारने ती जागा २००२ साली उद्यानात घेतली आणि तिथली काच उचलायलाच बंदी केली. पाहा, कचरा टाकायला बंदी नव्हती, उचलायला आहे! कुठल्याही कार्यालयात शोभेल असाच हा नियम.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आठ दिवसांनी भाच्याने मला यादी पाठवली.

ती यादी वाचताना मला प्रथम वाटलं की हा पोरगा एव्हरेस्टवर सत्यनारायण घालणार आहे. लांब दांड्याचं, जाळीदार, स्टेनलेस स्टीलचं खोरं. तीन वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्या. मांडीपर्यंत येणारे रबरी बूट. गुडघ्यांना बांधायच्या गाद्या. न कापणारे हातमोजे. कपाळावर बांधायची बत्ती. जांभळ्या अदृश्य किरणांची बत्ती. कमरेचा पट्टा आणि त्याला लटकवायची जाळीची पिशवी. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं मोबाईलवरचं यंत्र, वर्षाची वर्गणी वेगळी. रंगांप्रमाणे तुकडे ठेवायची कप्प्यांची पेटी. आणखीही काही होतं. सगळं सांगत बसत नाही, कारण हा लेख आहे, रुखवत नव्हे.

मी एक कॉमर्सचा पदवीधर. कुठलीही यादी दिसली की माझा हात आपोआप बेरजेकडे जातो. बेरीज केली तेव्हा असं निघालं की त्या पैशात आम्ही चौघं परत अलिबागला जाऊन, दोन दिवस राहून, मासे खाऊन (सौ. शाकाहारी आहे, म्हणून तीनच जण खाऊन) परत येऊ शकलो असतो. म्हणजे जिथे ती काच असते तिथे जाण्याच्या खर्चात, तिथे न जाता ती कशी उचलावी याची तयारी होते.

एकेक कलम घेऊ या. ओव्हरड्राफ्ट मागणाऱ्याचे कागद मी असेच एकेक करून तपासतो.

पहिलं भरती-ओहोटीचं यंत्र. ओहोटीला वाळू उघडी पडते, म्हणून वेळ माहीत असायला हवी, हे बरोबर. पण कोकणातला म्हातारा ती वेळ तोंडी काढतो. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळाली. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती. तिथून साधारण सहा तास पुढे ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या सुमाराला. वद्य असो की शुद्ध, हिशेब तोच. थोडं मागेपुढे होतं, पण आमच्या एसटीपेक्षा कमी. पुनवेला-अवसेला उधाण, म्हणून त्या दिवशीची ओहोटीही सगळ्यांत खोल. काच वेचायला तोच दिवस उत्तम. पाऊणपट हा पाढा आमच्या आजोबांना पाठ होता. तो आपण शाळेतून काढून टाकला, आणि आता त्याचीच वार्षिक वर्गणी भरतो.

दुसरं ते जाळीदार खोरं. याला मराठीत झारा म्हणतात. तिसरी कप्प्यांची पेटी. याला मिसळणाचा डबा म्हणतात. जाळीच्या पिशवीला कांद्याची पिशवी म्हणतात. किलोभर कांदे घेतले की ती फुकट मिळते, वाळू आपोआप गळून जाते आणि शिवाय कांदे राहतात.

अदृश्य किरणांची बत्ती मात्र मला समजावून घ्यावी लागली. जुन्या काळी काही काचेत रंगासाठी युरेनियम घालत असत आणि अशी काच त्या किरणांखाली हिरवीगार चमकते, म्हणे. मी भाच्याला म्हटलं, "अरे, तुझा मामा रोज दहा ते पाच त्याच बत्तीच्या उजेडात बसतो!" आमच्या कॅश काउंटरवर नोटा तपासायचा दिवा असतो, तो हाच. पाचशेच्या नोटेवरचा नंबर त्याच्याखाली चमकतो. नसला चमकत तर ग्राहकाचे डोळे चमकतात. दुसऱ्या दिवशी कन्येचा हिरवा तुकडा डब्याबरोबर बँकेत नेला आणि गर्दी ओसरल्यावर दिव्याखाली धरला. अजिबात चमकला नाही. शेजारच्या काउंटरवरच्या देशपांड्यांनी विचारलं, "काय, खोटी आहे का?" मी म्हटलं, "काच खरी आहे, युरेनियम नाही." त्यानंतर दोन दिवस शाखेत माझ्याकडे लोक जरा जपून बघत होते.

माझं भांडण भाच्याशी नाही. तो गुणी मुलगा आहे, मामाला वाढदिवसाला भेट देतो. माझं भांडण आहे ते छंद म्हणजे खरेदी असं मानणाऱ्या नव्या संप्रदायाशी. चालायला निघायचं तर आधी बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, मग त्या घड्याळाला लागणारा मोबाईल, आणि एवढं सगळं आणून झालं की गुडघेदुखी. वेचणं ही तर माणसाची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत फुकट करमणूक. पोर चालायला लागलं की पहिल्यांदा खाली वाकून काहीतरी उचलतं आणि आई ओरडते, "टाक ते!" त्या कामाला सामान लागतं असं एकदा पोराला पटवलं, की ज्याच्याकडे सामान नाही ते पोर वाकायचंच सोडून देईल.

आमच्या मराठवाड्यात वेचण्याची परंपरा काही आजची नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाव पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये 'तगर' म्हणून ज्याचं नाव येतं ते हे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती असं काय काय हजारोंनी गोळा केलं, आणि अखेर ते सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. आज तेरच्या सरकारी संग्रहालयाच्या पाटीवर त्यांचं नाव आहे. कुठल्या खोऱ्याच्या कंपनीचं नाही. (आता जुन्या पांढरीवरून असं काही उचललं तर मात्र पुरातत्त्व खात्याचे लोक येतील, तेव्हा वाचकांनी उत्साह आवरावा.)

आणि आमच्या पिढीने समुद्र न पाहता काच वेचली नाही असं थोडंच आहे? गोटी सोड्याची बाटली आठवते ना? हिरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं होतं. गळ्यात काचेची गोटी, आतल्या वायूच्या दाबाने ती वर येऊन बूच होते. ती गोटी काढण्यासाठी बाटली फोडायची, हा उद्योग इंग्लंडच्या पोरांनी केला तसाच आम्ही गोरेगावच्या पोरांनीही केला. सीहॅमच्या किनाऱ्यावर आजही अशी गोटी सापडली तर लोक ती मखमलीवर ठेवतात. आम्ही ती खिशात ठेवत होतो, आणि खिसा फाटका असला की ती परत गावात वेचायला मिळत असे.

तेव्हा समुद्रकाच वेचायला खरोखर काय लागतं ते एकदाच सांगून मोकळा होतो. पायात जाड तळाची चप्पल. हातात कांद्याची पिशवी. पंचांग, म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, ऊन समोर घेऊन चालायचं, म्हणजे ओल्या वाळूतली काच आतून उजळल्यासारखी दिसते. नुसत्या सपाट वाळूत हिंडू नये; जिथे शिंपले आणि बारीक खडे ओळीने येऊन साचतात तिथे बघावं, कारण सारख्या वजनाच्या वस्तू समुद्र एका ठिकाणी आणून टाकतो. पांढरी, हिरवी, तपकिरी पुष्कळ मिळते. निळी नशिबात असेल तर. लाल आणि नारिंगी मिळाली तर सौ.ना सांगू नये, त्या कानातलं करायला टाकतील. संपलं.

राहता राहिले हातमोजे आणि बूट. इथे मात्र मला जरा आवाज चढवायचा आहे.

या छंदिष्टांचा एक नियम आहे. तुकडा अजून धारदार असेल, चमकत असेल, तर तो 'कच्चा' समजायचा आणि परत पाण्यात फेकायचा. पिकू दे म्हणायचं. आंबा असता तर मी काही बोललो नसतो. पण हा कच्चा तुकडा पुढची तीस वर्षं पिकत असताना त्याच वाळूतून पोरं अनवाणी धावणार, त्याच वाळूत कोळणी टोपल्या घेऊन उतरणार. पिकलेला तुकडा उचलायला हातमोजे लागतच नाहीत. त्याला धारच नसते. हातमोजे लागतात ते कच्च्या तुकड्याला, आणि तोच हे परत फेकतात! म्हणजे हातात मोजे घालायचे ते निरुपद्रवी वस्तू उचलण्यासाठी, आणि जी वस्तू कुणाचा तरी पाय कापणार ती मोजे घातलेल्या हाताने जागच्या जागी ठेवून यायची. माझ्या मते कच्चा तुकडा हाच खरा उचलण्यासारखा. तो दागिना होणार नाही, वाटीत शोभणार नाही, फोटो काढण्यासारखाही नसेल. पण किनाऱ्यावरून एक काच उचलायची असेल तर ती ती.

आमच्या गोरेगावात कच्ची काच उचलणारी माणसं आहेत. त्यांचा छंद नाही, पोट आहे. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या मागच्या मोकळ्या जागेत एक मावशी येतात. खांद्यावर पोतं, हातात टोकाला वाकवलेली लोखंडी सळई, पायात दोन वेगवेगळ्या रंगांच्या चपला. मी बँकेच्या मागच्या खिडकीतून त्यांना वर्षानुवर्षं बघत आलो आहे. भाच्याची यादी खिशात होती तेव्हा मुद्दाम खाली उतरून गेलो. मावशी सळईने कचरा उकरून, दिसलेली काच हाताने उचलून एका बाजूला भिंतीच्या कडेला ठेवत होत्या.

"मावशी, काचेला काय भाव मिळतो?"

"काचंला कोन भाव देतंय भाऊ? आख्खी बाटली आसंल तर घेतेत. फुटकी कोनीच घेत नाई."

"मग उचलता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बँकेत अशी माणसं नोकरीला कशी घेतात. "नाई उचलली तर पोतं फाटतंय. आन् ढोरायच्या पायात जाती. लेकरायच्या जाती."

"तुमच्या हातात नाही जात?"

"जाती की." त्यांनी उजवा हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला, काम पडलं होतं.

चौदा वस्तूंची ती यादी त्या वेळी माझ्या खिशात फार टोचली. अलिबागच्या वाळूत तीस वर्षं गुळगुळीत झालेली काच उचलण्यासाठी न कापणारे मोजे, आणि काल रात्री फुटलेली बाटली उचलण्यासाठी नुसता हात!

हा हात पहिल्यांदा मोजला गेला तो पुण्यात. १९९३ साली तिथे कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचं नावच वाचा : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. बाबा आढावांसारखी माणसं त्यामागे होती. मला या नावाचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे संघटनेचं नाव म्हटलं की त्यात 'अखिल', 'महा' आणि 'समन्वय' हवंच. या बायांनी आपल्या पोत्यात जे असतं तेच पाटीवर लिहिलं. पुढे महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ सालापासून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुण्यात दारोदार कचरा गोळा करायला लागली. ओळखपत्र म्हणजे काय चीज असते ते कॅशियरला विचारा. केवायसीशिवाय मी माझ्या वडिलांनासुद्धा पैसे देत नाही.

आणि एक यादी सरकारनेही केली होती. केंद्र सरकारने २०१६ साली घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले, त्यांत कचरा हाताळणाऱ्या कामगारांना काय काय द्यायचं ते लिहिलं होतं : गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं, तोंडाला मास्क. मोजून सहा वस्तू. मी ती यादी भाच्याच्या यादीशेजारी ठेवली. दोन्हींत सामाईक निघाल्या त्या दोन : मोजे आणि पायातलं. बाकी भाच्याच्या यादीत काच सापडण्याची सोय होती आणि सरकारच्या यादीत माणूस शाबूत राहण्याची. पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते, आणि गोरेगाव हे खेडं. शिवाय मावशी कुणाच्याच कामगार नाहीत. त्यांची हजेरी कुठल्या वहीत लागत नाही. फुटलेली बाटली मात्र शहर की खेडं ते विचारत नाही.

आता वाचक म्हणतील, हा गृहस्थ हसवता हसवता आम्हांला वर्गणी मागणार. मुळीच नाही. वर्गणीची पावतीपुस्तकं बघूनच माझा दिवस जातो. मला फक्त काचेचं सामान लागतं कुठे, एवढंच सांगायचं आहे. ते लागतं काच फुटते तिथे, म्हणजे आपल्या घरात.

माझी आजी यातली खरी तज्ज्ञ. तेव्हा आमच्याकडे ओगल्यांचा प्रभाकर कंदील होता. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेल्या ओगले ग्लास वर्क्सचा. त्याची काच पुसण्याचं काम माझ्याकडे, आणि त्यामुळे ती वरचेवर फुटायची. फुटली की आजी आधी सगळ्यांना जागच्या जागी उभं करायची. 'पुतळे व्हा!' मग मोठे तुकडे जुन्या कागदात बांधायचे. मग झाडू. आणि शेवटी, पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेचा एक गोळा घेऊन ती जमीन टिपून काढायची. डोळ्यांना न दिसणारी कणीसुद्धा त्या गोळ्याला चिकटून येते. करून पाहा, शंभर रुपयांची जाळीदार चाळणी जे करणार नाही ते हा गोळा करतो. तो गोळासुद्धा कागदात. पुडी दोऱ्याने बांधून तिच्यावर कोळशाने फुली. "कुनाच्या तरी हातात जानार हाय रे," ती म्हणायची. कुणाच्या ते तिने कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आज आपण काय करतो? दिवाळीत पाहुण्याच्या हातून ग्लास फुटतो. आपण 'असू दे, असू दे' म्हणतो, केरसुणीने गोळा करतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत भाजीच्या देठांबरोबर घालतो आणि गाठ मारतो. ती गाठ इतकी पक्की असते की सोडवणाऱ्याला पिशवीत हात घालूनच ती फाडावी लागते. ज्यांच्या घरी रोज दोन वर्तमानपत्रं येतात त्यांना एक पान सापडत नाही! पाहुण्याची बोटं कापू नयेत म्हणून आपण त्याला बाजूला बसवतो. ज्यांची बोटं कापणार ते आपल्या दिवाणखान्यात नसतात, म्हणून.

तर भाच्याचं पार्सल. त्याने पत्ता बिनचूक लिहिला होता, पण कुरिअरवाल्यांचा भूगोल मुंबईला संपतो. पार्सल आधी त्या गोरेगावला गेलं. तिथे माझ्या नावाचा माणूस आठ दिवस शोधला गेला. तो सापडला नाही, हे त्यांनी मलाच फोन करून विचारलं. मी म्हटलं, "मी इथे आहे." ते म्हणाले, "मग इथे का नाही?" अखेर ते सव्वा महिन्याने आलं.

खोऱ्याचा दांडा काढून सौ.नी त्याचा ताबा घेतला. आता घरात शंकरपाळे एका खेपेत अर्धा किलो निघतात. कपाळावरची बत्ती कन्या वीज गेल्यावर अभ्यासाला वापरते, आणि वीज जात नाही तोपर्यंत अभ्यास करत नाही. अदृश्य किरणांची बत्ती देशपांड्यांनी मागून नेली आहे. काय शोधतात ते मी विचारलेलं नाही. मिसळणाचे कप्पे मात्र रिकामे आहेत, एका कप्प्यात तो हिरवा तुकडा सोडला तर.

मोजे आणि बूट घेऊन मी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला गेलो. मावशींनी बूट पाहिले, एक हातात धरून मांडीला लावून पाहिला आणि हसून परत दिला. "ह्ये घालून चालू कवा आन् वाकू कवा?" अगदी माझाच मुद्दा. मोजे मात्र त्यांनी घातले. बोटं मिटून पाहिली, उघडून पाहिली, सळई धरून पाहिली. भिंतीच्या कडेची काच एकदा उचलून पाहिली, परत ठेवली, परत उचलली.

"चांगले हायेत," त्या म्हणाल्या. मग काढून, नीट जोडीने ठेवून विचारलं, "येकच जोड आनला का भाऊ? आमी सहा जनी हावोत."

भाच्याला कळवलं आहे. त्याचा उलट निरोप आला : पाच जोड्या एकदम घेतल्या तर सवलत आहे, पण पत्त्यात या वेळी 'हिंगोली' ठळक अक्षरांत लिहायचं का? मी कळवलं, तीनदा लिही.